फताडी

आमच्या गावात बदक नव्हतं. शाळेत बदकाच्या पिल्लाचं ते गाणं सगळ्या पोरांना तोंडपाठ होतं, गुरुजी ते हातवारे करून म्हणायला लावायचे. पण खरं बदक आमच्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं. कोंबड्या घरोघर होत्या. एकदोघांनी कबुतरं पाळलेली. ओढ्याला बगळे यायचे, पाणकोंबड्या दिसायच्या. बदक म्हणजे पुस्तकातलं चित्र.

ते आमच्या घरी आलं डालड्याच्या डब्यातून. १९८३ च्या श्रावणात मामा आला. तो मिरजेला रेल्वेत कामाला होता आणि येताना कधी रिकाम्या हातानं यायचा नाही. त्यानं डबा आजीपुढं ठेवला. झाकण काढलं तर आत गव्हाचा कोंडा आणि कोंड्यात सहा अंडी. कोंबडीच्या अंड्यापेक्षा दांडगी, जराशी हिरवट झाक असलेली.

"कशाची रं ही? मोराची?" आजीनं विचारलं.

"बदकाची. आमच्या क्वार्टरशेजारी दवाखान्यातली एक नर्सबाई ऱ्हाती, तिची हाईत. तुमची कोंबडी खुडूक झाली आसंल तर बसवा."

आजीची कवडी नावाची कोंबडी नेमकी खुडूक होती. अंग फुगवून कोपऱ्यात बसायची, जवळ गेलं की कुरकुरायची. आजीनं डालग्यात राख आणि वाळकं गवत घातलं, त्यावर सहा अंडी मांडली आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर कवडीला वर ठेवली. तिनं एकदा मान वाकडी करून खाली बघितलं, चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं आणि बसली. आपलं-परकं असला काही विचार तिच्या मनात आलेला दिसला नाही.

कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात, हे आजीला पक्कं ठाऊक. ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. एकवीस रेघा झाल्या. काही नाही. बावीस झाल्या, तेवीस झाल्या. आई म्हणाली, "आत्याबाई, अंडी नासली आसतील. कोंबडी वाळून चालली. टाका की ती." खरंच कवडी निम्मी झाली होती. दिवसातून एकदा उतरायची, दोन दाणे टिपून, पाणी पिऊन परत पळत जाऊन बसायची. आजी एकेक अंडं कानाला लावून ऐकायची आणि परत ठेवायची. "जड हाईत अजून. नासलेलं आसं जड लागत न्हाई," एवढंच म्हणायची.

चोविसाव्या दिवशी गौरीच्या जेवणाला मामा आला आणि म्हणाला, "आरं तिच्या, सांगायचंच राह्यलं. बदकाला चार आठवडं लागत्यात." आणि हेही म्हणाला, की नर्सबाई शेवटी शेवटी अंड्यांवर कोमट पाणी शिंपडते, बदकीण स्वतः पाण्यातनं भिजून येऊन बसते, कोंबडी कोरडीच बसते, म्हणून. आजीनं मामाला चार शब्द ऐकवले आणि त्याच दुपारपासून पाणी शिंपडायला लागली.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे डालग्यातून बारीक आवाज आला. सहातली चार फुटली. पिवळीधमक, पाठीवर काळपट पट्टे. आजी एकाला तळहातावर घेऊन उजेडात आली नि म्हणाली, "नाकाचं बगा की, उलथन्यागत!"

कवडीला त्या चपट्या चोचींचं काही वाटलं नाही. ती त्यांना उकिरडा उकरून दाखवायला लागली. ती पोरं उकरायची नाहीतच. ती उलथनी चिखलात खुपसून फडफड फडफड करायची. तरी तिनं चालवून घेतलं. खरी गंमत झाली चौथ्या की पाचव्या दिवशी. रात्री पाऊस झाला होता आणि परड्यात गुडघाभर खड्ड्यात पाणी साठलेलं. चारी पिल्लं रांगेनं गेली आणि सरळ पाण्यात उतरली. कवडीनं जो आरडाओरडा केला, तो ऐकून वाड्यातल्या बायका बाहेर आल्या. ती काठावरून इकडून तिकडं पळत होती, पंख पाडून ओरडत होती, एक पाय पाण्यात घालायची नि चटका बसल्यागत मागं घ्यायची. पिल्लं मजेत. सगळे हसत होते. आजी तेवढी हसली नाही. म्हणाली, "हसू नगासा. तिच्या जिवाचं काय झालं आसंल ते तिला ठावं."

त्या रात्री एक पिल्लू गारठून मेलं. बदकाच्या अंगाला तेल असतं, पाणी पिसांत शिरत नाही, असं आम्ही ऐकलेलं. ते खरं, पण नुकत्या फुटलेल्या पिल्लाला ते तेल बदकीण आईच्या अंगाखाली झोपून, तिच्या पिसांना घासून मिळतं. कोंबडीच्या पोटाखाली कुठलं तेल? पिल्लं चिंब भिजली होती. आजीनं उरलेल्या तिघांना चुलीपाशी टोपलीत ठेवलं आणि पुढं त्यांना पिसं येईपर्यंत खड्ड्यावर पाटी पालथी घालून ठेवली.

तीन राहिली. थोराड झाली तशी ओळख पटायला लागली. नराच्या शेपटीवर दोन पिसं वर वळतात, मिशीला पीळ द्यावा तशी. त्याचा आवाज मात्र घशातल्या घशात, बसल्यासारखा. तो छाती काढून पुढं चालायचा म्हणून अण्णांनी त्याचं नाव ठेवलं पाटील. गावच्या पाटलांना हे कळलं, तेव्हा ते अंगणात येऊन त्याला बघून गेले आणि म्हणाले, "चालतंय." दोन माद्या. ओरडणाऱ्या त्या, 'पॅक पॅक' करून घर डोक्यावर घ्यायच्या. एक थोरली. दुसरीचा डावा पाय लहानपणी कवडीच्याच पायाखाली सापडून वाकडा झाला होता. ती तो पाय बाहेर फेकत, फताक फताक करत चालायची. धाकट्या बहिणीनं तिला फताडी म्हटलं आणि तेच राहिलं.

पाटील पुढं, थोरली मधी, बऱ्याच अंतरावर फताडी. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की ही वरात विहिरीकडं निघायची. आमची वस्ती मळ्यातच, विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर. मोट जाऊन मोटर आली होती, पण मोटेचं जुनं दगडी थारोळं तसंच होतं आणि मोटरचा पाइप त्यातच सोडलेला. लाइट आली की थारोळं भरायचं, तिथून पाण्याचा पाट वांग्याच्या कडेनं उसाकडं जायचा आणि पाटाच्या शेवटी बांधाला पाझरून एक डबकं कायमचं साठलेलं असायचं. थारोळं ते डबकं एवढा बदकांचा मुलूख. पाटातल्या गोगलगायी, गांडुळं, वांग्याखाली गळून पडलेल्या अळ्या, सगळं खायची. एकदा मेथीचा वाफा तुडवून सपाट केला, तेव्हा आईनं काठी घेऊन तिघांना घरापर्यंत हाणत आणलं. अंगण सारवलं की तासाभरात त्यावर यांचं पातळ हगवण. आई रोज म्हणायची, "विकून टाका ही ब्याद." आणि रोज शिळ्या भाकरीचा कुस्करा पाण्यात भिजवून तीच ठेवायची. कोरडं खाल्लं की त्यांच्या घशात अडकायचं, हे घरात पहिल्यांदा तिच्याच ध्यानात आलेलं.

फताडी माझी कशी झाली, सांगता येत नाही. ती मागं राहायची, मी थांबायचो, एवढंच असेल. मी तेव्हा आठवीत. संध्याकाळी चिमणीच्या उजेडात सोप्यात अभ्यासाला बसलो की ती येऊन माझ्या पायावर मान टाकून बसायची. सदऱ्याची बटणं ओढायची. मला गणित यायचं नाही, ते तिला चालत होतं. शाळेला निघालो की बांधापर्यंत यायची आणि तिथं उभी राहून ओरडायची. पोरं मला 'बदक्या' म्हणायला लागली. मला त्याचा राग येत नव्हता; खरं सांगायचं तर थोडा मान वाटत होता.

फाल्गुनात दोघी अंडी द्यायला लागल्या. बदक पहाटेच अंडं घालतं, म्हणून आजी त्यांना उजाडल्यावर बऱ्याच वेळानं बाहेर सोडायची. तरी फताडी अधूनमधून अंडं दाबून धरायची आणि बाहेर कुठंतरी लपवून घालायची. कुठं, ते आम्हाला सापडत नव्हतं. गावातले एक म्हातारे दम्याला बदकाचं अंडं चांगलं म्हणून आठवड्याला एक न्यायला यायचे. दम्याला काय फरक पडला देव जाणे, पण गप्पा मारून जायचे.

आता त्या दिवसाचं सांगतो. इतकी वर्षं हे लिहायचं टाळलं.

चैत्रातली गावची जत्रा. तंबूतला सिनेमा आलेला, सहाचा खेळ. मित्र वेशीपाशी थांबणार होते. त्या दिवशी अण्णा सकाळपासून वांग्याला फवारत होते. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी पडली होती; दर आठ-दहा दिवसांनी फवारल्याशिवाय बाजारात न्यायजोगं वांगं हाताला लागत नव्हतं. औषधाच्या बाटलीवर तो उभा चौकोन होता, खालचा अर्धा लालभडक आणि वर कवटी. अण्णांना वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होते. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात बरा. नाकाला टॉवेल गुंडाळून ते पाठीवर पितळी पंप घेऊन सऱ्या पालथ्या घालत होते.

चारच्या सुमाराला घरून निरोप आला की गाय अडलीय. अण्णा पंप बांधावर ठेवून निघाले. जाता जाता मला म्हणाले, "ह्यात तांब्याभर औषध ऱ्हायलंय. पल्याड पडात वत. आन् पंप बादलीनं पाणी न्हेऊन पडातच धू. पाटात धुवायचा न्हाई. काय?"

"व्हय."

मी विहिरीवर गेलो. बादली जागेवर नव्हती. घरी जाऊन आणायची म्हणजे परत यायचं, पाणी भरायचं, पडात चार खेपा करायच्या. सिनेमाला उशीर झाला असता. लाइट होती, मोटर चालू होती, पाट भरून वाहत होता. वाहतं पाणी, मी मनाशी म्हटलं, जाईल वाहून. तांब्याभर औषध पाटात ओतलं, पंप पाण्यात बुडवून दोनदा खळबळला. पाणी दुधासारखं पांढरं झालं, हातभर अंतर तसंच गेलं आणि मग निवळलं. मी हात मातीनं चोळून धुतले आणि पळालो.

सिनेमात काय होतं, आज आठवत नाही.

परत आलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. गोठ्यात कंदील, गाय मोकळी होऊन वासराला चाटत होती. सगळे खुशीत. आजी मात्र अंगणात उभी राहून हाका घालत होती, "या, या, बद् बद् बद्..." पाटील नि थोरली दिवस मावळायच्या आत आले होते. फताडी मागून येतीय, असं आजीला वाटलं. ती नेहमीच मागून यायची. आणि गाईच्या गडबडीत परत बघायचं राहून गेलं.

मी कंदील उचलला. मला कुठं जायचं ते माहीत होतं. पाटाच्या कडेनं चालताना माझे पाय उचलत नव्हते.

ती डबक्याच्या काठावर होती. पाय मागं ताणलेले, पंख पसरलेले, मान एका बाजूला मुरडलेली. चोचीतून चिकट तार गळत होती. कंदिलाचा उजेड पडला तशी तिनं मान उचलायचा प्रयत्न केला, ती निम्म्यात पडली. मी तिला सदऱ्यात गुंडाळून आणली. आजीनं तूप पाजलं, आईनं दूध पाजलं. दोन्ही बाहेर आलं. अण्णा येऊन बघून गेले आणि काही न बोलता गोठ्यात जाऊन बसले. मी तिला मांडीवर घेऊन सोप्यात बसलो. तिच्या अंगात मधूनच थरथर उठायची, पंख आपोआप हलायचे. छातीत पाणी भरल्यासारखा श्वास वाजत होता. पहिला कोंबडा आरवायच्या आधी ते वाजायचं थांबलं.

पुढं कधीतरी मी एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्या जातीचं औषध शिरेकडून स्नायूला जाणारा निरोप तुंबवून ठेवतं, म्हणाले. पाय जातात, लाळ सुटते, शेवटी श्वास. अॅट्रोपिन वेळेत मिळालं तर कधी वाचतं. पाखरांना तर अगदी थोडकं पुरतं. मी हे दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं होतं.

सकाळी वाड्यातलं एकजण आलं. त्याची नजर फताडीवर. "आत्ताच गेलंय न्हवं? मग टाकून कशाला देता?" अण्णा कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी ओरडले, "कुणी खायचं न्हाई ते! कुत्र्यानंबी खायचं न्हाई." मग फावडं घेऊन पडात गेले, कमरेइतका खड्डा काढला, तिला पोत्यात घालून पुरलं, वर दगड आणि बाभळीचा फास टाकला. तिथून ते डबक्याकडं गेले. मी लांब उभा होतो. पाण्यावर बेडकं पोट वर करून तरंगत होती, बोटाएवढे मासे होते. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग बांध फोडून त्यांनी सगळं पाणी पडाच्या कडेला काढून दिलं आणि गाई-म्हशी चार दिवस तिकडं सोडायच्या नाहीत असं आईला सांगितलं.

परत येताना माझ्याजवळ थांबले.

"पंप कुठं धुतलास?"

"पडात."

"कशानं?"

"बादलीनं पाणी न्हेऊन."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले आणि गेले.

घरात काय कारण धरलं गेलं? आई म्हणाली, औषध मारलेल्या अळ्या खाल्ल्या असतील. आजी म्हणाली, जत्रेत कुणाची तरी नजर लागली. मी दोन्हीला मान हलवली. पाटील आणि थोरली सात-आठ दिवस नीट फिरले नाहीत. बांधापर्यंत जायचे, थांबायचे, मागं वळून बघायचे, आणि थोरली अशी ओरडायची की मी घरात जाऊन कानात बोटं घालायचो. तिनं त्या काळात अंडी घातली नाहीत. एरवी बदकाला काय कळतं म्हणणारी आई खुराड्याला कडी घालताना उगाच आत हात फिरवून बघायची.

महिन्याभरानं वैरण काढताना कडब्याच्या गंजीच्या बुडाशी फताडीची जागा सापडली. सात अंडी, पिसांच्या अस्तरात नीट मांडलेली. मी ती कोंड्यात घालून आजीकडं पळालो. कवडी त्या वेळी खुडूक नव्हतीच, म्हणून आजीनं शेजारची एक कोंबडी मागून आणली. भिंतीवर रेघा मी ओढल्या. चौदाव्या दिवसापासून रोज कोमट पाणी शिंपडलं. शाळेला सुट्टी होती. मी त्या डालग्यापासून हललो नाही. अठ्ठावीस झाले, तीस झाले. पस्तिसाव्या दिवशी आजीनं कोंबडीला उचलून बाहेर सोडलं. "उन्हाळ्यात म्हैनाभर गंजीत पडल्याली अंडी, लेकरा. त्यात जीव कुठनं ऱ्हाईल?" तिला हे पहिल्या दिवशीच माहीत असणार. तरी तिनं शेजारणीच्या पाया पडून कोंबडी आणली होती, आणि परत करताना तिला पायलीभर जोंधळे दिले.

त्यानंतर अण्णांनी पंप कधी माझ्या हातात दिला नाही. स्वतः धुवायचे, पडात. मी कॉलेजला असताना सुट्टीत एकदा हात पुढं केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुला कपडं खराब हुत्याल." पाटील आणि थोरली आणखी तीन-चार वर्षं होती. थोरलीच्या अंड्यांवर पुढच्या श्रावणात कवडी परत बसली आणि पाच पिल्लं निघाली, ती मामा मिरजेला घेऊन गेला. माझा जीव त्यांच्यात गुंतू नये म्हणून आजीनंच ती पाठवली, हे मला नंतर कळलं.

आता मळ्यात वांगी नाहीत, द्राक्षं आहेत. पाट बुजवला, ठिबक आलं. अण्णा जायच्या आदल्या वर्षी मी सुट्टीला गेलो होतो. दोघं बांधावर बसलो होतो. पुतण्या ट्रॅक्टरवर ब्लोअर लावून बागेत फवारत होता आणि वारा आमच्याकडं येत होता. अण्णांनी टॉवेल नाकाला लावला. बराच वेळ गेला. मग समोर बघतच म्हणाले,

"त्या दिशी बादली मी घरी न्हेलती. गाईला कोमट पाणी करायला."

मला कळायला क्षणभर लागला. मग कान तापले. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण घसा आठवीतल्या पोरासारखा कोरडा पडला.

"मग तुम्ही तवा बोलला का न्हाईसा?"

"काय बोलायचं? दोन दिस जेवला न्हवतास तू."

एवढं बोलून ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि ठिबकचा कॉक बंद करायला गेले.